राखणदाराला गेलेली काळी बाटली

माझे सासरे भिकाजी, घरातले आणि वाडीतले आबा, पस्तीस वर्षं मालवाहू बोटीवर कुक होते. नोकरी संपवून देवबागेत परतले तेव्हा आमचं होमस्टे नवीनच होतं. चार खोल्या, पुढे समुद्र, मागे खाडी आणि मध्ये आबांचं स्वयंपाकघर. मी कुडाळकडची, भात आणि काजूत वाढलेली. मला सुरमई आणि गेदर यांतला फरक लग्नानंतर कळला. आबांच्या स्वयंपाकघरात माझं काम कांदे चिरायचं आणि लांबून बघायचं. लोक खोलीसाठी येत नसत, आबांच्या सागोतीसाठी येत. कोंबडीचा रस्सा तो काय, पण पुण्याहून गाडी काढून त्यासाठी येणारी माणसं मी पाहिली आहेत.

मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आबांचा वास गेला. वाडीत बऱ्याच जणांचा गेला होता. कुणाचा पंधरा दिवसांत परत आला, कुणाचा दोन महिन्यांत. आबांचा आलाच नाही. डॉक्टर झाले, काढे झाले, आईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, नवस झाले. वास गेला की चवही जाते, हे मला तेव्हा समजलं. जिभेला खारट, आंबट, तिखट कळतं, बाकीचं सगळं नाक सांगतं. एके दिवशी आबांनी सागोती ढवळता ढवळता डाव खाली ठेवला, मला म्हणाले, "तू बघ आता," आणि बाहेर पडवीत जाऊन बसले. त्यानंतर ते आत आले नाहीत.

मी बघितलं. बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांचेच मसाले, त्यांचंच भांडं, त्यांचंच भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप, तरी ती सागोती होईना. वाईट होत नव्हती. पाहुणे संपवत, छान आहे म्हणत, आणि हात धुता धुता हळूच विचारत, आधी इथे एक काका करायचे ना? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आबा मात्र मी वाढेन ते मुकाट खात. कमी नाही, जास्त नाही, बरं नाही, वाईट नाही. एकदा त्यांनी ताट भिरकावलं असतं तरी मी नारळ फोडला असता. मला बाकी काही नको होतं. आबांनी आत यावं आणि माझ्या हातात काय कमी पडतंय ते एकदा सांगावं, एवढंच हवं होतं. दीपेशला, माझ्या नवऱ्याला, मी हे सांगितलं तर तो म्हणाला, आंधळ्या माणसाक रंग विचारतंस कित्या? तो दिवसभर पर्यटकांना डॉल्फिन दाखवत होडी फिरवतो, त्यामुळे त्याला सगळंच लांबून दिसतं.

अशात शिमगा सरल्यावर एका शनिवारी परशुरामकाका आले. जामसंड्याचे. आबांच्या बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर होते. उंच, वाकलेले, हातात एक जुनी चामड्याची पेटी. पडवीत बसल्या बसल्या त्यांनी पेटी उघडली आणि आतून एक जाड काळी बाटली काढली, बुचाला तार बांधलेली. त्याबरोबर देवदाराच्या लाकडी डबीतून एक चिरूट. अंगठ्याएवढा जाड, तेलकट तपकिरी.

त्यांनीच मला सगळं सांगितलं. अँटवर्पच्या बंदरात दोघांनी मिळून अशा दोन बाटल्या घेतल्या होत्या. बिअरच ती, पण हलकी पिवळी नव्हे. तिला एल म्हणतात, काळी, जड, वाइनइतकी कडक, आणि ठेवली की वर्षागणिक मुरत जाणारी. दुकानदाराने सांगितलं होतं, हिच्याबरोबर हलका चिरूट ओढलात तर चिरूट मरेल, हिला तसाच भरभक्कम हवा. पहिली बाटली दोघांनी बोटीच्या मागच्या डेकवर बसून चिरुटाबरोबर संपवली. आबांनी तेव्हा प्रत्येक घोटाला काय लागतं ते परशुरामकाकांना सांगितलं होतं. काकांना त्याआधी दारू म्हणजे दारू आणि धूर म्हणजे धूर एवढंच ठाऊक होतं. त्या रात्री आपल्याला जीभ फुटली, असं ते म्हणाले. दुसरी बाटली दोघांची नोकरी संपली की उघडायची ठरली होती. मग कोरोना आला, मग काकांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, आणि बाटली जामसंड्याच्या घरात अंधारात पडून राहिली.

आबांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली, आणि परत टेबलावर ठेवली.

"माका पाणी दिलंस काय नि ह्यां दिलंस काय, एकच," ते म्हणाले. "उगाच फुकट घालवू नको, परशुराम. खाडीत ओत नायतर कोणाक दी."

परशुरामकाकांचा चेहरा मला बघवेना. इतक्या लांबून माणूस एक घोट घेऊन आला होता, आणि समोरच्याने तोंडच मिटलं. ते रात्री जेवले, थोडं बोलले, आणि उद्या दुपारच्या एसटीने परत जातो म्हणाले. बाटली आणि चिरूट पडवीतल्या टेबलावर तसेच राहिले. सकाळी मी झाडलोट करताना ते एका सुपात उचलून ठेवले, टेबल पुसता यावं म्हणून. माझ्या हातून घडलं ते एवढंच.

तो रविवार आमच्या वाडीच्या राखणेचा होता. खाडीकडे जाणाऱ्या वाटेवर उंडीच्या झाडाखाली एक धोंडा आहे, तो आमचा राखणदार. वाडीच्या हद्दीत रात्री फिरतो, चोराचिलटांना अडवतो, होड्या सांभाळतो, असं म्हणतात. वर्षातून एकदा त्याला कोंबडा द्यायचा, रोट द्यायचा, दारू आणि विडी द्यायची. कुठल्या घरातून काय जायचं ते ठरलेलं. आमच्या घरातून दारू आणि विडी. माझ्या सासूबाई हौसाबाई सकाळी न्हाऊन पडवीत आल्या आणि त्यांना सुपात बाटली आणि शेजारी चिरूट दिसला. राखणेच्या दिवशी सुपात एकत्र ठेवलेली बाटली आणि चिरूट म्हणजे काय, हे आमच्या वाडीत शेंबडं पोरही सांगेल. त्यांना वाटलं, आबांनी नको म्हटलं म्हणून पाहुण्याने राखणदाराला काढून ठेवलं. माणूस भला, रीत जाणणारा. त्यांनी वर एक जास्वंद ठेवलं आणि सूप वाडीतल्या चंदनच्या हाती देऊन टाकलं.

चंदन यंदा पहिल्यांदाच गाऱ्हाणं, म्हणजे वाडीच्या वतीने राखणदाराला साकडं, घालणार होता. वडिलांचे गुडघे गेले म्हणून मान त्याच्याकडे आला होता. आठवडाभर तो माडांना गाऱ्हाणं घालून सराव करत होता, हे सगळ्या वाडीने ऐकलं होतं. दुपारी पुरुष झाडाखाली धोंड्यापुढे बसले. आम्ही बायका रीतीप्रमाणे लांब, दगडी गडग्यापाशी उभ्या. परशुरामकाकांची एसटी तीनची होती, म्हणून तेही आबांशेजारी येऊन टेकले. चंदनने सूप पुढे ओढलं, कपाळाला हात लावला आणि सुरू केलं. बा राखणदारा महाराजा, ह्या वाडीतल्या लेकरांनी तुका जां काय पान-फूल दिलां हा, तां गोड मानून घे. होय महाराजा, म्हणून सगळ्यांनी साथ दिली. भिकाजीच्या घराकडसून ही बाटली नि हो चिरूट दिलो हा, त्येंची होडी सांभाळ. होय महाराजा.

मी बघितलं, सुपात कालचीच काळी बाटली होती. परशुरामकाका अर्धे उठले होते. आबांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. आता करण्यासारखं काही नव्हतं. एकदा गाऱ्हाण्यात नाव निघालं की ती वस्तू राखणदाराची. ती घरी परत नेत नाहीत, अर्धीही नेत नाहीत. थोडी धोंड्यावर ओतायची आणि उरलेली तिथेच बसलेल्यांनी संपवायची, असा नियम आहे. मी आईंकडे पाहिलं तर त्या समाधानाने हात जोडून उभ्या.

तार सोडताच बूच उडालं आणि दाट तपकिरी फेस चंदनच्या मनगटावरून ओघळला. त्याने करवंटीभर धोंड्यावर ओतली. मग दुसरी करवंटी भरून, गावठी दारू पिण्याच्या सवयीने, डोळे मिटून एका दमात घशाखाली घातली. तोंड असं केलं की जणू काढा प्यायला. चिरूट पेटवून विडीसारखा छातीत ओढला आणि खोकत खोकत लाल झाला. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, ह्यापेक्षा आपली बरी. दुसऱ्याने करवंटी पुढे केली.

आणि आबा उठले. चार वर्षं मी त्या माणसाला रागावलेला पाहिला नव्हता. कुणी स्वयंपाकघरात भांडं जोरात आपटलं की ते पूर्वी असे उठायचे.

"थांब. ती बाटली हय दी," ते चंदनला म्हणाले. "अशी पितत नाय. तुका कोणी मारूक लागलां हा काय?"

चंदनने बाटली दिली. आबा धोंड्यासमोर मांडी घालून बसले. त्यांनी करवंटीत दोन बोटं एल ओतली, तळाचा गाळ वर येऊ नये म्हणून बाटली सरळ ठेवली, आणि करवंटी दोन्ही तळव्यांत धरून बसून राहिले. हाताची ऊब लागू द्यायची होती. सगळे बघत होते. कोंबडा कापणारेही थांबले. मग त्यांनी ती परशुरामकाकांच्या हातात दिली.

"घोट घे. गिळू नको. आता खजूर लागतलो, काळो, जुनो. लागलो?"

काकांनी मान हलवली.

"तेच्या मागना करपलेलो गूळ. मगे लवंग, पण लवंग नाय, तशी काय तरी. गीळ आता. घशात ऊब येतली. इली?"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आबांनी चिरुटाची राख न झाडता तो त्यांच्याकडे दिला आणि सांगितलं, धूर पोटात घ्यायचा नाही, नुसता गालात फिरवून सोडायचा. मिरी लागेल, मग नव्या चामड्याच्या चपलेसारखा वास, मग कॉफी. काका प्रत्येकाला हो म्हणत गेले. आबांचं नाक मेलेलं होतं. धूर त्यांच्या तोंडासमोरून जात होता आणि त्यांना त्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. तरी दुसऱ्याच्या तोंडात या क्षणाला काय चाललंय ते हा माणूस पोथी वाचावी तसं सांगत होता. सगळं त्यांच्यात होतं. एवढी वर्षं पडवीत बसून समुद्राकडे बघणाऱ्या त्या माणसाच्या आत ते सगळं जसंच्या तसं होतं, आणि मी समजत होते की आत काही उरलंच नाही. शेजारच्या रसिकाने माझा दंड धरला होता, तिलाही काहीतरी कळलं असावं.

"आता परत घोट," आबा म्हणाले. "आता जी चव येतली ती बाटलेत पण नाय नि चिरुटात पण नाय. दोगांची मिळून तिसरी. काय लागता सांग."

परशुरामकाका बराच वेळ तोंड हलवत राहिले. शेवटी म्हणाले, बरी लागता. आबा वैतागले. बरी म्हणजे काय, बरी सगळीच लागता. त्यांनी चंदनला दिली. तो घाबरून म्हणाला, कॅडबरी. आणखी दोघांनी घेतली. एक म्हणाला गोड, दुसरा म्हणाला कडू. आबा एकेकाच्या तोंडाकडे असे बघत होते, जसं कुणी दाराच्या फटीतून आत बघावं. त्यांना ते हवं होतं. दुसऱ्याच्या तोंडून का होईना, पण खरं हवं होतं. मग त्यांनी मान वळवली आणि थेट गडग्याकडे पाहिलं.

"सारिका, हय ये गो."

ती हाक मला होती. राखणेच्या जागी बाई जात नाही, आणि राखणदाराची दारू तर पुरुषांचीच. एका म्हाताऱ्याने घसा खाकरला.

"राखणदाराक माझा नाक परत दिवक जमला नाय," आबा त्याच्याकडे न बघताच म्हणाले. "तेणा आता थोडो येळ गप ऱ्हवचा."

मला वाटलं आई आता कपाळावर हात मारून घेतील. त्यांनी माझ्या पाठीला हात लावून मला पुढे ढकललं. जा, सासरो बोलवता, एवढंच म्हणाल्या.

मी वाळूतून चालत गेले आणि आबांसमोर बसले. त्यांनी मला करवंटी दिली. पहिल्या घोटाला माझी जीभ भरून गेली. दाट, गोडसर, आणि खाली कुठेतरी कडवट. खजूर होता. गूळही होता, गुऱ्हाळाच्या कढईच्या कडेला चिकटलेला. चिरूट मी आयुष्यात पहिल्यांदा ओठांना लावला. धूर जड होता, तोंडात जवळजवळ चावता येईल असा. तो सोडला आणि दुसरा घोट घेतला, आणि आबा म्हणाले होते तसंच झालं. दोन्ही चवी बाजूला सरल्या आणि त्यांच्यामधून तिसरी वर आली. ती मला ओळखीची होती. एवढ्या लांबच्या देशातल्या बाटलीत आणि कुठल्या तरी परक्या पानाच्या धुरात ती कुठून आली देव जाणे. मी डोळे मिटले. हसू नका, पण मला त्या वेळी देवळात उभं असल्यासारखं वाटलं.

"काय लागता?"

"खोबरां," मी म्हटलं. "भाजलेलां. लाल झालेल्याच्या पुढचां. अजून करपलेलां नाय, पण आता करपतलां, त्या येळचां."

आबांनी माझ्या हातातली करवंटी काढून घेतली आणि तिच्यात बघत राहिले.

"तुझ्या वाटपात तां आसा काय?" त्यांनी हळूच विचारलं.

मी विचार केला. खोबरं लालसर झालं की मी कढई उतरवते. करपलं तर सगळी सागोती कडू होईल, पाहुणे नावं ठेवतील, म्हणून जीव मुठीत धरून उतरवते. दर वेळी.

"नाय," मी म्हटलं. "मी आदीच उतरवतंय. भियातंय."

"तरीच," आबा म्हणाले.

उरलेली एल त्यांनी सगळ्यांना थोडी थोडी वाटली, प्रत्येकाला आधी घोट, मग धूर, मग घोट, अशी बजावून. उरलेला चिरूट चंदनने धोंड्याच्या फटीत खोचला. परशुरामकाकांची एसटी केव्हाच गेली होती. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. ते झाडाला टेकून बसले होते आणि लहान मुलासारखे पुन्हा पुन्हा ओठ चाटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते तर दारात सावली पडली. आबा आत आले. इकडेतिकडे पाहिलं, मी हलवलेले डबे त्यांनी परत जुन्या जागी ठेवले, त्यावरून मनात थोडं चिडलेही मी. मग म्हणाले, कोंबडी कधी घालतंस? मी म्हटलं, खोबरं भाजल्यावर. त्यांनी डाव उचलला आणि माझ्या हातात दिला नाही, स्वतःच कढईपुढे उभे राहिले. मला शेजारी उभं केलं.

त्यांना रंग दिसत होता, खोबऱ्याचा आवाज ऐकू येत होता. वास माझा होता. गोड वास आला, मी सांगितलं. ते ढवळत राहिले. तेल सुटल्याचा वास आला, सांगितलं. मग लाल झालं, आणि माझा हात सवयीने कढईकडे गेला. आबांनी तो कोपराने बाजूला केला.

"आता?" त्यांनी विचारलं.

"नाय अजून," मी म्हटलं. खोबऱ्याच्या कडा तपकिरी झाल्या, धुराची एक बारीक रेघ वर आली. आणि त्या रेघेत ते मला सापडलं, काल करवंटीत सापडलेलं. "आता, आबा."

त्यांनी त्या क्षणाला कढई उतरवली.

दुपारी परशुरामकाका, दीपेश, आई, सगळे पंगतीला बसले. मी वाढलं आणि आबांसमोर बसले. त्यांनी भातावर रस्सा घेतला, एक घास खाल्ला, आणि थांबले. चार वर्षं मी त्या तोंडाकडे बघत आले होते, आज काहीतरी म्हणतील म्हणून. आज त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कशी झाली गो?" आबांनी मला विचारलं.

मी एक घास घेतला आणि पहिल्या चवीपासून सांगायला लागले. आबा जेवायचे थांबून ऐकत राहिले. त्यांचा भात पार गार झाला.